तब्येतीचे खाडे मोजा: रोजची छोटी काळजी वर्षानुवर्षं टिकवायची कशी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकतं आणि त्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली आहे. तुमच्याकडेही असेल. दुधाचा हिशोब त्याच्यावरच. दूध रोज येतं म्हणून आपण रोज लिहीत नाही, ज्या दिवशी आलं नाही त्या दिवशी फक्त "खाडा" लिहितो आणि महिन्याच्या शेवटी खाडे मोजून पैसे देतो. मी गेली पाच वर्षं माझ्या तब्येतीचा हिशोब अगदी असाच ठेवते, त्याच कॅलेंडरवर, त्याच पेन्सिलीने. आणि आजपर्यंत जे काही करून बघितलं त्यातलं हेच एक टिकलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडं का ते सांगते. बेचाळीसाव्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) ६.१ आलं आणि उपाशीपोटीची साखर ११२. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे डायबेटिस. माझ्या बाबांना हा आजार होता, त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून झालेली एवढीशी जखम सात महिने भरली नाही आणि शेवटी अंगठा काढावा लागला. त्यांचं ड्रेसिंग मी रोज केलेलं आहे. त्यामुळे तो रिपोर्ट हातात घेऊन डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते तेव्हा मला ६.१ हा आकडा दिसतच नव्हता, बाबांचा पाय दिसत होता.

मग जे सगळे करतात तेच केलं. जिम लावली, साखर एका दिवसात बंद, भात बंद, पहाटे पाचला उठून चालणं सुरू. दीड महिना चाललं. मग मुलाची परीक्षा आली, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, चार दिवस चुकलं आणि जे चुकलं ते चुकलंच. चूक आळसाची नव्हती असं मला आता वाटतं, रचनाच चुकीची होती. पहाटे पाच हा वेळ माझ्या दिवसात नव्हताच, तो मी कुठूनतरी ओढून आणला होता, आणि ओढून आणलेली गोष्ट पहिल्या धक्क्याला जाते.

पद्धत काय आहे

दिवसात जी गोष्ट आपोआप घडतेच तिच्या शेपटीला एक छोटी काळजी बांधायची. कुकर लागतोच, जेवण होतंच, दात घासतोच, दूध येतंच. घड्याळाला बांधू नका, कारण घड्याळाप्रमाणे आपलं घर चालत नाही. "रात्री साडेनऊला चालणार" असं ठरवलं की पाहुणे आले की मोडलं, पण "जेवण झालं की ताट धुवून लगेच चालणार" हे पाहुणे असले तरी जमतं, कारण पाहुणे असले तरी जेवण होतंच ना.

सुरुवातीला एकच गोष्ट घ्यायची. खरंच एकच. तिचं एक अक्षर ठरवायचं, माझं चालण्याचं "चा". ज्या दिवशी केलं नाही त्या चौकोनात पेन्सिलीने "चा" लिहायचं. केलं तर काहीच लिहायचं नाही. ह्यात एक फरक पडतो जो मला फार महत्त्वाचा वाटतो: आपण केलेलं लिहायला लागलो की ते काहीतरी विशेष होतं, आणि न केलेलं लिहिलं की करणं हे नेहमीचं होतं, दुधासारखं.

नियम दोनच. लागोपाठ दोन खाडे होऊ द्यायचे नाहीत. आणि महिन्यात सहापर्यंत खाडे चालतील, त्यासाठी मन खायचं नाही. पहिला महिना खाडे सहाच्या आत राहिले तरच पुढच्या महिन्यात दुसरी गोष्ट जोडायची, नाहीतर आहे तीच चालू ठेवायची. मला चार गोष्टी अंगवळणी पडायला जवळजवळ वर्ष लागलं आणि त्यात काही बिघडलं नाही.

पहिली गोष्ट शतपावलीच घ्या

आपल्या भाषेत हा शब्दच आहे, जेवणानंतर शंभर पावलं, आजी सांगायची आणि आपण दुर्लक्ष करायचो. आता त्यामागचं कारण समजून घ्या म्हणजे पाय आपोआप निघतील. जेवल्यावर साधारण तासाभरात रक्तातली साखर सगळ्यात वर जाते. ती स्नायूंमध्ये शिरायला एरवी इन्शुलिन लागतं, पण स्नायू हलत असतील तर ते इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर स्वतः ओढून घेतात. पायाचे आणि मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. म्हणजे जेवून सोफ्यावर बसलं की साखर रक्तातच फिरत राहते आणि जेवून चाललं की तिला जायला जागा मिळते. इतकं साधं आहे.

दहा ते पंधरा मिनिटं बास, आरामात, बोलता येईल इतक्या वेगाने. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत निघा. पावसाळ्यात सोसायटीचा पॅसेज नाहीतर पार्किंग. आमच्या पॅसेजची लांबी बावीस पावलं आहे, मी मोजलीयेत, चार वर्षांचे पावसाळे त्याच बावीस पावलांवर निघाले. फोन घरी ठेवा किंवा फोनवर बोलत चाला, पण बघत चालू नका.

दहा हजार पावलांचं खूप जण टेन्शन घेतात. तो आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांनी मोजून मापून दिलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे तो आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा, म्हणजे रोजची बावीस मिनिटंसुद्धा पुरतात. फक्त त्यात थोडं भरभर चालणं हवं, श्वास जरा वाढेल असं. रात्रीची शतपावली सावकाश असते म्हणून मी स्टेशनला जाताना रिक्षा सोडली आणि ते अंतर भरभर चालते, लोकल पकडायचीच असते त्यामुळे वेग आपोआप येतो.

एक सूचना मात्र. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी चालणं एकदम वाढवायच्या आधी डॉक्टरांशी बोला, साखर फार उतरू शकते. खिशात दोन-तीन ग्लुकोजच्या गोळ्या नाहीतर साखरेची पुडी असू द्या.

जमिनीवरून उठता येतंय का ते बघा

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. तीन वर्षांपूर्वी शेजारी सत्यनारायण होता, आरतीला उठायची वेळ आली आणि मला एक हात जमिनीवर, दुसरा शेजारच्या वहिनींच्या खांद्यावर ठेवून उठावं लागलं. समोर माझी आई बसली होती, एकाहत्तर वर्षांची. ती मांडी घालून बसलेली, पाय जरा सरकवले, पुढे झुकली आणि सरळ उभी राहिली. हात कुठेच नाही. आई आयुष्यभर विळीवर बसून भाजी चिरते, पाट घेऊन जेवते, देवासमोर खाली बसते, दिवसात पंचवीस-तीस वेळा तरी ती जमिनीवरून उठत असणार. माझ्या घरात ओटा, डायनिंग टेबल, सोफा, पलंग, कमोड. माझा दिवस अख्खा गुडघ्याच्या उंचीच्या वरच जात होता.

तिशी-पस्तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि वापरले नाहीत तर जास्तच. चालण्याने हृदय बरं राहतं पण स्नायू टिकवायला ताकदीचं काम लागतं, म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस तसा व्यायाम करा असं सांगतात. त्यासाठी डंबेलच हवेत असं नाही. मी हे करते:

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या, वर जाऊन दोन अंक मोजायचे आणि सावकाश खाली. पंधरा-वीस वेळा. पोटऱ्या भरून येतात.

खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, दहा वेळा. बसताना धपकन बसू नका, खरा फायदा सावकाश खाली जाण्यात आहे. दहा सहज जमायला लागले की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल घ्या, मग पाट.

भिंतीला हात टेकून दंड. जमले की ओट्याला टेकून, अजून पुढे गेलात की जमिनीवर.

आणि दिवसातलं एक जेवण किंवा भाजी निवडणं खाली बसून. हे फुकट आहे.

सूर्यनमस्कार येत असतील तर सोनंच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी ते स्वतः रोज घातले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये मुलांना घालायला लावले, त्यामुळे आपल्याकडे शाळाशाळांत ते पोचले. पण पंचवीस वर्षांनी परत सुरू करताय तर पहिल्या दिवशी बारा घालू नका. दोन घाला. आठवड्याने चार. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट ह्यांनी दिनचर्येत सांगितलंय की व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, आणि रोज करायचं असेल तर ह्याच्याइतका व्यवहारी सल्ला मला दुसरा सापडलेला नाही. आज जीव तोडून केलं की उद्या अंग दुखतं, उद्या खाडा, परवा पण खाडा. उद्या परत करावंसं वाटेल इतकंच आज करायचं. बीपी जास्त असेल, मणक्याचा त्रास असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर खाली वाकायचे प्रकार आधी विचारूनच.

मला हात न टेकता उठायला पाच महिने लागले. आता येतं.

ताटात काय हलवायचं

डाएट वगैरे काही सांगत नाहीये, घरात चार माणसांचा एकच स्वयंपाक होतो आणि आपल्यासाठी वेगळं शिजवणं आठ दिवसांच्या वर टिकत नाही. म्हणून स्वयंपाक तोच, वाढणं बदललं. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा आमटी थोडी खायची, पोळी-भात त्यानंतर. भाजीची वाटी मोठी घेतली, भाताचा डाव अर्धा. भात बंद केला नाही, आपण वरणभातावर वाढलेली माणसं, बंद केला की मन तिथेच अडकतं.

आपल्या शाकाहारी ताटात प्रथिनं बऱ्याचदा कमी पडतात हे मला आधी माहीतच नव्हतं. हिशोब सोपा आहे, किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास. (किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.) आता बघा, एक वाटी वरणात पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सहा-सात. सकाळी नुसते कांदेपोहे खाल्ले की प्रथिनं थोडीच मिळतात. त्याच पोह्यांत मटार आणि शेंगदाणे सढळ हाताने, बरोबर वाटीभर दही किंवा मोड आलेले मूग, कोणी खात असेल तर उकडलेलं अंडं. तेच पोहे, पण अकरा वाजता बिस्किटाच्या पुड्याकडे हात जात नाही.

उपासाचं पण बोलायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपलेच लोक म्हणून गेलेत. मी उपास सोडले नाहीत, खिचडीच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याचं भरीत, दही, दाण्याची आमटी थोडी वरीच्या भाताबरोबर. खिचडी वर्षातून दोनदा, आषाढी आणि महाशिवरात्र, आणि तेव्हा अगदी मनापासून.

चहा. दिवसाचे चार कप आणि कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, तीस ग्रॅमच्या वर साखर नुसती चहातून. एकदम बिनसाखरेचा चहा मला घशाखाली उतरला नाही. मग दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी केला. जिभेला कळतसुद्धा नाही. चार महिन्यांत साखर शून्यावर आली आणि आता गोड चहा कोणी दिला तर अर्धाच पिऊन होतो. आणि बायकांनी खास लक्षात ठेवा, जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला की पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह कमी अंगी लागतं. तासाभराचं अंतर ठेवा. त्याऐवजी जेवताना लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. आपल्याकडे एवढ्या बायका हिमोग्लोबिन कमी घेऊन धापा टाकत कामं करतात आणि "मला थोडं थकायला होतं" एवढंच म्हणतात, हे ऐकून माझा जीव तुटतो.

तेल मोजायचं तर चमचे मोजत बसू नका. नवा डबा उघडलात की त्याच्यावर मार्करने तारीख लिहा. माणशी महिन्याला साधारण ६०० ते ७०० मिली ह्याच्या आत राहायचं, चार जणांच्या घरात पाच लिटरचा डबा दोन महिने जवळपास पुरला पाहिजे. आमचा पाच आठवड्यांत संपत होता! फोडणीला पळीऐवजी टेबलस्पून ठेवला, बास. मिठाचं पण तसंच, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, टोमॅटो सॉस सगळं आलं. ताटातलं वरचं मीठ वाढणं बंद करा, तिथून सुरुवात.

झोप

ह्यात मी अजून कच्ची आहे म्हणून थोडक्यात. झोपायची वेळ हातात नसते पण उठायची असते, ती रविवारीही तीच ठेवली की रात्री झोप आपोआप वेळेवर यायला लागते. चारनंतर चहा-कॉफी नाही, कारण पाच-सहा तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. फोनचं चार्जिंग हॉलमध्ये, गजराला वेगळं साधं घड्याळ. सात तास मिळाले तर दुसऱ्या दिवशी गोड खायची ओढ कमी असते, हे मी स्वतःवर कितीतरी वेळा बघितलंय.

मोजायचं कधी आणि कसं

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. महिन्याच्या एक तारखेला शिवणकामाची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्या लोकांसाठी बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० ही मर्यादा धरतात. वजन हललं नाही तरी घेर हलतो, माझं पहिल्या वर्षी वजन फक्त तीन किलो उतरलं पण घेर सात सेंटीमीटरने.

बीपी घरी मोजत असाल तर नीट मोजा, बहुतेक जण जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधतात आणि घाबरतात. अर्धा तास आधी चहा नको, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाने परत मोजा आणि दोन्ही लिहा. घरी वारंवार १३५/८५ च्या वर दिसलं तर लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरकडे जा.

वर्षातून एकदा साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठीची तपासणी). वाढदिवसाच्या आठवड्यात करून टाकायचं म्हणजे लक्षात राहतं. घरात कोणाला डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा त्यांच्या डोळ्याचा पडदाही तपासून घ्या, आणि रोज रात्री त्यांचे पाय बघा, बोटांच्या बेचक्यात, तळव्याला, टाचेला. खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. माझ्या बाबांचे पाय कोणीतरी रोज बघितले असते तर, हा विचार मला अजूनही सोडत नाही. दात रात्री पण घासा, दोन मिनिटं, फ्लोराइडच्या पेस्टने. हिरड्यांची सूज आणि साखर एकमेकांना वाढवतात.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, घाम फुटून गरगरणं, असं काही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना. "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून घरी सोडा पिऊन पडून राहू नका.

खाडे कधी होतात

गणपतीत होतात, दिवाळीत, लग्नसराईत, ताप आला की, पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत, ऑडिटच्या आठवड्यात. म्हणून प्रत्येक गोष्टीचं एक अगदी छोटं रूप ठरवून ठेवा. पंधरा मिनिटं चालायला जमत नाही तर खरोखरच शंभर पावलं, घरातल्या घरात. दहा उठाबशा नाहीत तर तीन. एवढं केलं तरी खाडा धरायचा नाही. गौरीजेवणाच्या दिवशी रात्री साडेअकराला मी पुरणपोळी खाऊन स्वयंपाकघरात शंभर पावलं मोजलीयेत, सगळे झोपलेले, भांडी पालथी घातलेली. त्या दिवशी साखरेला किती फायदा झाला असेल माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी परत सुरू करायला काही जोर लावावा लागला नाही. अंगात ताप असेल तर मात्र सरळ झोपा, तो खाडा खाडाच नाही, तिथे मी "ता" लिहिते आणि मोजत नाही.

माझं एचबीएवनसी चौदा महिन्यांनी ५.६ आलं आणि तेव्हापासून ५.५ ते ५.७ मध्ये आहे. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, कोणाला गोळी लागेल, आणि लागली तर ती घ्यायची, त्यात हरल्यासारखं काही नाही. गोळी पण रोजच घ्यायची असते, तिलाही कॅलेंडरवर अक्षर द्या.

घरातल्यांना मी एका शब्दाने काही सांगितलं नाही. नवऱ्याने सहा महिने नुसतं बघितलं आणि एक दिवस चौकोनात स्वतःचं अक्षर लिहून ठेवलं. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, त्यांचे गुडघे दुखतात, त्या ओट्याला धरून टाचा उचलतात आणि खुर्चीतून उठणं-बसणं करतात, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच. त्यांना बारीक लिहिलेलं दिसत नाही म्हणून त्या खाड्याच्या दिवशी लाल पेनने ठसठशीत टिंब काढतात. काल एक तारीख होती, दुधाचे पैसे देताना सगळ्यांचे मोजले. दुधाचा एक, नवऱ्याचे नऊ, माझे पाच, सासूबाईंचे दोन.